जनाना बराकीतला फावला वेळ

2020 च्या फेब्रुवारीत एल्गार परिषद खटल्यातले आरोपी येरवड्याहून हलवले गेले. पुरुष आपल्या पनवेल तालुक्यातल्या तळोजा कारागृहात आले. सुधा भारद्वाज आणि शोमा सेन भायखळ्याच्या महिला कारागृहात गेल्या. खटला एक, तुरुंग दोन. या विभागणीचे मूळ 1894 च्या कारागृह अधिनियमात आहे. त्याचे 27 वे कलम सांगते की, स्त्री-कैद्यांना पुरुषांपासून वेगळे ठेवावे. दृष्टभेट नको, बोलणे नको.

हेतू संरक्षणाचा, पण त्यातून तुरुंगाच्या आत आणखी एक लहान तुरुंग उभा राहिला. देशातल्या कैद्यांत स्त्रिया जेमतेम चार टक्के. साहजिकच मैदान, ग्रंथालय, कारखाने यांची आखणी पुरुषांच्या हिशेबाने होते. बायकांच्या वाट्याला येते ते अंगण आणि बराक. सकाळी कुलूप निघते, गिनती होते. दुपारी पुन्हा बंदी. संध्याकाळी उजेड असतानाच दार लागते. पुढची लांबलचक रात्र काढायची कशी, हा इथला खरा प्रश्न.

त्याचे उत्तर कैद्याच्या वर्गावर ठरे. 1930 च्या सविनय कायदेभंगात स्त्रिया मोठ्या संख्येने तुरुंगात गेल्या, तेव्हा अ, ब, क अशी वर्गवारी नुकतीच लागू झाली होती. वरच्या वर्गाला पुस्तके, पत्रे, बरे जेवण. क वर्गाला सक्तीचे काम. सरोजिनी नायडूंनी येरवड्यात फुलझाडे जोपासली. ती सवड क वर्गातल्या स्वयंसेविकेला किंवा चोरीच्या गुन्ह्यात आलेल्या बाईला कुठली?

आणीबाणीत आणखी एक गोष्ट उघड झाली. प्रमिला दंडवते येरवड्यात, मधू दंडवते बंगळूरच्या तुरुंगात. सेन्सॉरच्या नजरेखालून दोघांची पत्रे चालत. पत्राची वाट पाहणे, आलेले पुन्हा वाचणे, उत्तर जुळवणे यांत दिवसाला आकार येई. मृणाल गोरे यांना मात्र अकोल्याच्या तुरुंगात एकांतकोठडी मिळाली. शेजारी कुष्ठरोगी कैदी, समोर मानसिक तोल गेलेली स्त्री. राजबंदिनी असूनही सोबत नसेल, तर मोकळा वेळ हीच शिक्षा होते. तुरुंगातली करमणूक साधनांवर थोडी आणि सोबतीवर फार अवलंबून असते, हे या दोन उदाहरणांवरून कळते.

सोबत असली म्हणजे फार काही लागत नाही. एकमेकींची वेणीफणी, गाणी, कुणाच्या मुलाचे बोबडे बोल. सहा वर्षांपर्यंतचे मूल आईजवळ तुरुंगात राहू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2006 साली आर. डी. उपाध्याय खटल्यात स्पष्ट केले. ते मूल साऱ्या बराकीचा विरंगुळा होत असणार, आणि आईची काळजीही.

पण याची नोंद कोण ठेवतो? सुधा भारद्वाज यांनी येरवड्याच्या फाशी यार्डातून दिसलेल्या बायकांची शब्दचित्रे लिहिली. ते पुस्तक 2023 साली आले. तोवर आणि त्यानंतरही बहुतेक तुरुंगलेखन शिकलेल्या राजबंद्यांचेच आहे. कलमे आणि तारखा माहीत नसलेली, भेटीला कुणी न येणारी बाई त्यात दिसते ती दुसरीच्या लेखणीतून. तिचा दिवस तिच्या शब्दांत मिळवायचा, तर सुटून आलेल्या बायकांपाशी बसून ऐकावे लागेल. ते काम अजून व्हायचे आहे.