कुणाला देणार, माहीत नाही

परवा रात्री साडेनऊला धाकट्या बहिणीचा फोन आला. आवाजावरूनच कळलं की काहीतरी बिनसलंय.

"ताई, तू बोल गं तिच्याशी. तुझं ऐकते ती."

ती म्हणजे माझी भाची. बरीच वर्षं अमेरिकेत मिनेसोटा राज्यात राहते. वय एक्केचाळीस, पदरात दोन मुलं. तिने म्हणे आपली एक किडनी द्यायचं ठरवलंय. कुणाला? माहीत नाही! नवऱ्याला नाही, मैत्रिणीला नाही, ऑफिसातल्या कुणाला नाही. यादीत जो कुणी जुळेल त्याला. तपासण्याही सुरू झाल्यात.

"घरच्यासाठी दिली असती तर मी एक शब्द बोलले नसते," बहीण म्हणाली. "पण ना ओळख ना पाळख..."

मी शाळेत एकतीस वर्षं इतिहास शिकवला. एखादी गोष्ट समजेना की ती पहिल्यांदा कुणी केली, कधी केली, हे शोधायची खोड निवृत्तीनंतरही गेलेली नाही. म्हटलं, भाचीशी बोलण्याआधी जरा वाचून घेऊ. तर मंडळी, वाचलं ते आधी सांगते. माझं स्वतःचंही काही सांगायचं आहे, ते शेवटी.

माणसाला दुसऱ्या माणसाची किडनी बसवण्याचा पहिला प्रयत्न १९३३ साली युक्रेनमधल्या खेरसॉन गावी झाला. युरी वोरोनोय नावाच्या सर्जनने मृत माणसाची किडनी वापरली. रोगी दोन दिवस जगला. जिवंत माणसाने दिलेल्या किडनीची गोष्ट १९५२ सालची, पॅरिसची. मारियुस रनार हा सोळा वर्षांचा सुतारकाम करणारा मुलगा उंचावरून पडला. फुटलेली किडनी काढली आणि मग लक्षात आलं की त्याला जन्मतःच ती एकच होती! त्याची आई डॉक्टरांच्या मागेच लागली, माझी घ्या म्हणून. नेकेर हॉस्पिटलात नाताळच्या आदल्या दिवशी तिची किडनी त्याला बसवली. ती चाललीही. पण तीन आठवडेच. आईचं रक्तमांस, तरी शरीराने ते परकं ठरवलं.

शरीर आपलं-परकं ओळखतं हे पीटर मेडावर या ब्रिटिश शास्त्रज्ञाने त्वचारोपणाच्या प्रयोगांतून दाखवलं होतं. एका बाबतीत मात्र शरीर फसतं, ते म्हणजे एकसारखी जुळी भावंडं.

म्हणून खरं यश मिळालं ते २३ डिसेंबर १९५४ रोजी, बॉस्टनच्या पीटर बेंट ब्रिगम हॉस्पिटलात. रिचर्ड आणि रोनाल्ड हेरिक, तेवीस वर्षांचे जुळे भाऊ. रिचर्डची मूत्रपिंडं निकामी झाली होती. दोघं खरोखर एकसारखे आहेत ना याची खात्री करायला एकाची कातडी दुसऱ्याला लावून पाहिली, पोलिसांकडून बोटांचे ठसेही तपासून घेतले.

मला यातली वाचण्यासारखी गोष्ट वाटली ती वेगळीच. सर्जन जोसेफ मरे आणि त्यांचे सहकारी अडले होते ते रिचर्डपाशी नाही, रोनाल्डपाशी! रिचर्ड मरणारच होता, त्याच्यावर सुरी चालवण्यात डॉक्टरांना कोडं नव्हतं. पण रोनाल्ड ठणठणीत होता. ज्यात स्वतःचा काडीचाही फायदा नाही अशी मोठी शस्त्रक्रिया एका निरोगी माणसावर करायची होती. डॉक्टरची पहिली शपथ अपाय न करण्याची. मग त्यांनी वेगवेगळ्या पंथांच्या धर्मगुरूंना विचारलं, वकिलांना विचारलं, एका किडनीवर माणूस किती जगतो हे पाहायला विमा कंपन्यांचे आकडे काढले.

रोनाल्डने त्यांना एक साधा प्रश्न केला. उद्या मला काही झालं तर हॉस्पिटल माझी जन्मभर जबाबदारी घेईल का? डॉक्टर हॅरिसन आधी नाही म्हणाले. मग त्यांनी उलट विचारलं की, या खोलीतला कुणी तुला गरज पडल्यावर पाठ दाखवेल असं तुला वाटतं का? रोनाल्ड थोडा थांबला आणि तयार झाला.

रिचर्ड आठ वर्षं जगला. शुश्रूषा करणाऱ्या नर्सशी त्याचं लग्न झालं, दोन मुली झाल्या. मरे यांना १९९० साली नोबेल मिळालं. आणि रोनाल्ड? तो गणिताचा मास्तर झाला! जन्मभर शाळेत शिकवलं आणि २०१० साली एकोणऐंशीव्या वर्षी गेला. माझ्या जातीचा माणूस निघाला म्हणून जरा जास्तच आपलेपणा वाटला, काय करणार.

पुढे १९५७ साली मॅसॅच्युसेट्समध्ये अल्पवयीन जुळ्यांची प्रकरणं न्यायालयापुढे आली. ज्याला स्वतःला काही लाभ नाही अशा मुलावर शस्त्रक्रिया कशी करू द्यायची? न्यायालयाने म्हटलं, लाभ आहे. भाऊ मेला तर याच्या मनाला जो घाव बसेल त्यातून हा वाचतो. देणाऱ्यालाही काही मिळतं हे तिथे कागदावर आलं.

पण अनोळखी माणूस? तो मेल्याने कुणाच्या मनाला घाव बसणार? मग हा किडनी द्यायला निघालेला वेडा तरी असावा किंवा त्याचा आतून काही हिशोब असावा, असं डॉक्टरांना पुढे कित्येक वर्षं वाटत राहिलं. शरीराचा नकार दाबणारी औषधं १९६०च्या दशकात आली. जुळ्यांखेरीज इतरांची किडनीही चालू लागली. तेव्हा कोलोरॅडोमध्ये थॉमस स्टार्झल यांनी तुरुंगातल्या कैद्यांच्या किडन्या घेऊन पाहिल्या. कैदी स्वखुशीने पुढे येत. पण भिंतीआड असलेल्या माणसाची स्वखुशी ती कसली, या विचाराने ते थांबवण्यात आलं.

भिंती काय फक्त तुरुंगालाच असतात? १९७० साली दोन अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी किडनी दिलेल्या नातेवाइकांशी बोलून लिहिलं की, बहुतेकांनी निर्णय घेतला तो माहिती मिळाल्यावर नव्हे, तर विचारणा कानावर पडली त्याच क्षणी. आणि ज्यांना द्यायची नसे, पण घरच्यांपुढे तोंड उघडवत नसे? त्यांच्यासाठी डॉक्टरांनी एक वाट काढली होती. घरच्यांना एवढंच सांगायचं, "यांची चालणार नाही." कारण सांगायचं नाही.

हे वाक्य मी दोनदा वाचलं. का ते पुढे येईलच.

आपल्याकडचा इतिहास निराळ्या वळणाने गेला. १९७१ साली वेल्लोरला जिवंत दात्याची किडनी यशस्वीपणे बसवली गेली. पुढे औषधं सुधारली आणि १९८०च्या दशकात अनोळखी दाते मिळू लागले. पण ते दान नव्हतं, विक्री होती! चेन्नईतल्या विल्लिवाक्कम भागाला लोक 'किडनीवाक्कम' म्हणू लागले. कर्जात बुडालेल्या बाया कुशीवरचा व्रण दाखवत आणि कर्ज मात्र तसंच. हे थांबवायला १९९४ साली संसदेने मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा केला. आरोग्य हा राज्यांचा विषय, त्यामुळे संसदेला कायदा करायला सांगणारे ठराव राज्यांनी करावे लागतात. ते करणाऱ्या तीन विधानसभा कुठल्या, तर गोवा, हिमाचल प्रदेश आणि आपला महाराष्ट्र. तेव्हापासून जवळच्या नात्यात देता येतं. २०११ च्या दुरुस्तीने आजी-आजोबा, नातवंडंही त्यात आली. बाहेरच्या कुणाला द्यायची तर आपुलकी किंवा खास कारण समितीपुढे पटवून द्यावं लागतं. बाजार बंद व्हावा म्हणून घातलेली ही कडी आहे. पण घरातल्या भिंतीला कायदा काय करणार? आपल्याकडे जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायकाच जास्त. आई आणि बायको. त्यांना कुणी एकटं गाठून विचारतं का, हा माझा प्रश्न.

तरी अनोळखी दाता परत आलाच. १९९९ साली मिनेसोटा विद्यापीठाने, कुणाला जाणार हे माहीत नसताना किडनी देऊ इच्छिणाऱ्यांसाठी रीतसर योजना सुरू केली. ब्रिटनमध्ये २००६ पासून कायद्याने मुभा मिळाली. २००७ साली तर गंमतच झाली. मिशिगनच्या एका तरुणाने अॅरिझोनातल्या अनोळखी बाईला किडनी दिली. तिच्या नवऱ्याची तिला जुळत नव्हती, त्याने आपली तिसऱ्याच कुणाला दिली, त्या घरच्या माणसाने चौथ्याला. अशी साखळी होत होत दहा रोगी बरे झाले. आपल्याकडे केरळात २००९ साली फादर डेव्हिस चिरामेल यांनी एका इलेक्ट्रिशियनला किडनी दिली, ना नात्यातला ना धर्मातला. २०११ साली 'व्ही-गार्ड'चे संस्थापक कोचौसेफ चिट्टिलप्पिल्ली यांनी एका ट्रक ड्रायव्हरला दिली, आणि त्याच्या बायकोने आपली दुसऱ्या रोग्याला.

एवढं वाचून रविवारी भाचीला फोन लावला.

"मावशी, तू मला थांबवायला फोन केलायस ना?" पहिलंच वाक्य!

मी म्हटलं, "नाही, विचारायला केलाय." मग तिने सगळं सांगितलं. रक्तगट, साखर, रक्तदाब, हृदय, छाती. चोवीस तासांची लघवी एका डब्यात साठवायची, म्हणून सुट्टीचा दिवस घरीच. किडनीला किती रक्तवाहिन्या आहेत ते पाहायला सीटी स्कॅन. शक्यतो डावी घेतात, कारण तिची शीर लांब असते. १९९५ पासून दुर्बिणीने काढता येते, त्यामुळे दोन-तीन दिवसांत घरी. जीव जाण्याची शक्यता? ऐंशी हजारांवर दात्यांचा अभ्यास झाला, त्यात दहा हजारांत तीन. अलीकडे त्याहून कमी. उरलेली किडनी पुढे जास्तीचं काम अंगावर घेते. आयुष्यभर तपासणी मात्र हवी.

घेणाऱ्याचे डॉक्टर वेगळे, हिचे वेगळे. शिवाय एक माणूस असा, की ज्याचं काम फक्त हिची बाजू पाहणं. मानसोपचारतज्ज्ञाने विचारलं, त्या माणसाच्या शरीराने ती नाकारली तर? त्याने कधी आभारच मानले नाहीत तर? ही म्हणाली, "दिल्यावर ती त्याची. माझं काम देईपर्यंत." आणि का द्यायची? मुलांना शाळेत सोडताना वाटेत डायलिसिसचं केंद्र लागतं, तिथली माणसं आत जाताना आणि बाहेर येताना दिसतात. एवढंच कारण.

"आणि मावशी, टेबलावर झोपेपर्यंत नाही म्हणता येतं. कारण कुणाला सांगत नाहीत."

मग सहज म्हणाली, "आपल्या मामाला तेव्हा कुणाचीच जुळली नाही ना?"

मी "हो" म्हटलं आणि फोन ठेवला. ते खोटं होतं.

१९८४ साल. दादा चाळीस वर्षांचा, मी चौतीसची. आईला मधुमेह, वहिनीचा रक्तगट वेगळा, धाकटी बाळंतीण (हीच भाची तेव्हा पाळण्यात होती). उरले मी. कुणी मला विचारलंच नाही, सगळ्यांनी धरूनच चाललं. रक्तगट जुळला. मग मुंबईच्या हॉस्पिटलात एका डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं, दार लावलं आणि विचारलं, "तुम्हाला द्यायची आहे का?" माझी मुलं सहा आणि चार वर्षांची होती. मी रडायला लागले. नाही असं म्हटलंही नाही, नुसती रडले. त्यांनी पाणी दिलं, बाहेर गेले आणि सगळ्यांना सांगितलं, "यांची चालणार नाही."

दादा पुढच्या वर्षी गेला. जाईपर्यंत तो मला म्हणायचा, "तुझा काय दोष गं."

चाळीस वर्षं मला त्या डॉक्टरांचा राग यायचा, की त्यांनी विचारलंच का! न विचारता घेऊन टाकली असती तर? आता वाटतं, त्यांनी दार लावलं ते माझ्यासाठी. रोनाल्डपाशी जे डॉक्टर अडले होते, त्यांच्यातलेच ते. नाही म्हणायला जागा नसती तर माझं देणं हे घेतलं जाणं झालं असतं. भाचीलाही तीच खोली मिळाली आहे. तिथून ती हो म्हणून बाहेर येते आहे, मी नाही म्हणून आले. दादाचं दुःख याने कमी होत नाही. ते माझं मला वागवायचं आहे.

हे इथे लिहिण्याआधी बहिणीला आणि वहिनीला सांगितलं. वहिनी आता ऐंशीला आली. ऐकून घेतलं, बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "गुरुवारी जेवायला ये." त्याचा अर्थ गुरुवारी कळेल.

बहिणीला म्हटलं, तिला थांबवू नकोस, व्हिसाचं बघ आणि महिनाभर तिच्याकडे जाऊन राहा. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे जड उचलायचं नसतं, घरात माणूस लागेल. ती अजून रागावलेली आहे, पण पासपोर्ट कुठे ठेवलाय ते शोधत होती.

आणि भाचीला, तू हे वाचशीलच म्हणून, रविवारचं उत्तर बदलून देते. मामाला एकीची जुळली होती.