मद्यार्काचा मेंदूवरील रेण्वीय परिणाम

मद्यातील नशा आणणारा घटक म्हणजे इथेनॉल. हा लहान रेणू पाण्यात सहज मिसळतो आणि पेशींच्या पटलातूनही पार होतो. त्यामुळे मद्यपानानंतर काही मिनिटांतच तो रक्तावाटे मेंदूत पोहोचतो.

चेतापेशी परस्परांना रासायनिक संदेश पाठवतात. हे संदेश पेशींच्या पटलावरील ग्राहक प्रथिने स्वीकारतात. 'गाबा' हे रसायन पेशींची उत्तेजना कमी करते, तर 'ग्लुटामेट' ती वाढवते. इथेनॉल गाबाचा प्रभाव वाढवते आणि ग्लुटामेटच्या 'एनएमडीए' या ग्राहकाचे कार्य रोखते. जीभ अडखळणे, तोल जाणे, घडलेले न आठवणे ही त्याची लक्षणे होत. त्याच वेळी डोपामाइन स्रवते आणि पुन्हा पिण्याची ओढ निर्माण होते.

प्रथिनांचे कार्य त्यांच्या आकारावर ठरते. या रचनेच्या अभ्यासाला बंगळूरमध्ये मोठी परंपरा आहे. मल्लेश्वरमलगतच्या भारतीय विज्ञान संस्थेत जी. एन. रामचंद्रन यांनी १९७० च्या दशकाच्या प्रारंभी रेण्वीय जैवभौतिकी विभाग उभारला. त्यांचा १९६३ मधील 'रामचंद्रन आलेख' प्रथिनांची रचना पडताळण्यासाठी आजही जगभर वापरला जातो.

दीर्घकाळ रोज मद्यपान केल्यास मेंदू त्याच्याशी जुळवून घेतो. गाबाच्या ग्राहकांचा प्रतिसाद मंदावतो, तर एनएमडीए ग्राहकांची संख्या वाढते. अशा स्थितीत मद्य एकाएकी बंद केले, तर मेंदूवरील लगाम सुटतो. काही तासांत हातांना कंप सुटतो आणि घाम येतो. साधारणपणे पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दोन ते चार दिवसांत तीव्र भ्रम होऊन जिवास धोका संभवतो. म्हणजेच हा कंप मनोबलाच्या अभावाचा नव्हे, तर ग्राहकांतील बदलाचा परिणाम असतो.

बंगळूरच्याच 'निम्हान्स' या राष्ट्रीय संस्थेत व्यसनाधीनतेवरील उपचारांसाठी स्वतंत्र केंद्र आहे. गाबाच्या ग्राहकांवर कार्य करणारी बेन्झोडायझेपिन औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखाली देऊन हळूहळू कमी करणे, ही सर्वमान्य उपचारपद्धती होय. सोबत ब-१ जीवनसत्त्वही दिले जाते, कारण त्याच्या अभावाने स्मरणशक्तीची कायमची हानी होऊ शकते.

केंद्र सरकारच्या २०१९ मधील पाहणीनुसार देशातील १० ते ७५ वर्षे वयोगटातील सुमारे २.७ टक्के लोक मद्यावर अवलंबून आहेत. अशा व्यक्तीने घरच्या घरी एकाएकी मद्य थांबवू नये. प्रथम डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. १४४४६ या निःशुल्क राष्ट्रीय मदत क्रमांकावरही मार्गदर्शन मिळते.