बोगनवेलीचं नाव आणि झानचे कष्ट



आपल्या नाशिक जिल्ह्यात शाळेच्या कुंपणावर, मळ्यातल्या घराच्या फाटकावर बोगनवेल दिसतेच. हीच वेल पसरट कुंडीत छाटून वाढवली, की हातभर उंचीचं फुललेलं बोन्साय होतं. आज तिचा इतिहास सांगते, कारण त्यात एक कष्टाळू बाई दडलेली आहे.

बोन्साय हा शब्द जपानी, पण कला मूळची चीनची. तिथल्या एका राजपुत्राच्या इ. स. ७०६ मधल्या थडग्यात भिंतीवर चित्र आहे. सेवकाच्या हातात तबक, त्यात छोटंसं झाड. राजपुत्राचं नाव इतिहासात राहिलं, तबक धरणाऱ्याचं नाही.

बोगनवेल मात्र दक्षिण अमेरिकेतली. १७६६ मध्ये बूगेंव्हील या फ्रेंच दर्यावर्दीची जगप्रदक्षिणेची मोहीम सुरू झाली. तिच्यात कॉमर्सन नावाचे वनस्पतितज्ज्ञ होते आणि त्यांचा एक मदतनीस होता. खरं तर ती होती झान बारे, मजुराची मुलगी. फ्रान्सच्या आरमारी जहाजावर बाईला बंदी होती, म्हणून ती पुरुषाच्या वेशात चढली. कॉमर्सनचा पाय अधू झालेला. त्यामुळे डोंगर चढणं, झाडं गोळा करणं, ओझी वाहणं यातलं पुष्कळ काम तिनंच केलं.

१७६७ मध्ये ब्राझीलच्या रिओ बंदराजवळ ही वेल त्यांना मिळाली. नाव दिलं मोहिमेच्या प्रमुखाचं, आणि त्याचंच आपण बोगनवेल केलं. कॉमर्सननं एका झुडपासाठी झानचं नाव ठरवलं होतं, पण ते टिकलं नाही. पुढे तिचं बिंग फुटलं. कॉमर्सनबरोबर ती मॉरिशसला उतरली. ते वारल्यावर ती फ्रान्सला परतली, आणि जगप्रदक्षिणा पूर्ण करणारी पहिली ज्ञात स्त्री ठरली. १७८५ मध्ये सरकारनं तिला पेन्शन दिलं. झाडाला तिचं नाव लागायला मात्र २०१२ साल उजाडलं. तेही वांगी-बटाट्याच्या कुळातल्या एका रानवेलीला!

आता ही वेल कुंडीत कशी सांभाळायची? द्राक्षबागेत काम करणाऱ्या बाईला हे अवघड नाही. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी आपण जाणतोच. बोगनवेलही नव्या फुटीवरच फुलते, म्हणून बहर ओसरला की शेंडे छाटायचे. दिवसाला पाच-सहा तास ऊन हवंच, घरात ठेवली तर नुसती पानं येतात. कुंडीला खाली भोकं हवीत. माती वरून सुकली की मगच पाणी द्यायचं. फुलं हवी असतील तेव्हा थोडा ताण द्यायचा, पानं मलूल दिसली की पाणी घालायचं. युरिया जास्त झाला तर पाला माजतो, फुलं रुसतात. दोन-तीन वर्षांनी कुंडीतली माती बदलायची. तेव्हा मुळं जपून हाताळायची, ती नाजूक असतात. आणि ज्याला आपण फूल म्हणतो ती रंगीत पानं असतात. खरं फूल मधलं, इवलंसं, पांढरट.

झानचंही तसंच झालं. रंग दिसला, मधलं फूल दिसलं नाही.

म्हणून एक सांगणं. गटात बोन्साय तयार केलीत, तर नोंदवहीत कलम कधी लावलं, छाटणी कधी झाली हे लिहा. आणि कुंडीवर गटाच्या नावाखाली, जिनं ती वाढवली तिचंही नाव लिहा.