खुर्ची आणि लेखणी : डॉ. रफिक झकेरिया

आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात मुस्लिम लेखकाचा विषय निघाला की पहिले नाव येते हमीद दलवाईंचे. चिपळूणजवळच्या मिरजोळीचा हा माणूस मराठीत लिहीत होता. म्हणून त्याच्याशी आम्ही भांडलो, रुसलो, पण त्याला वाचले. याच कोकणपट्टीच्या उत्तर टोकाला, नालासोपाऱ्यात, १९२० साली जन्मलेले डॉ. रफिक झकेरिया मात्र आम्हाला ठाऊक आहेत ते मंत्री म्हणून. लेखक म्हणून त्यांची ओळख आम्ही करून घेतलीच नाही.

मुंबई विद्यापीठातून एम.ए. झाल्यावर त्यांनी लंडन विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली, बॅरिस्टरीही केली. परत आल्यावर वकिली आणि काँग्रेसचे राजकारण सुरू झाले. १९६२ साली ते औरंगाबादहून विधानसभेवर निवडून आले आणि राज्याच्या मंत्रिमंडळात गेले. नगरविकास, आरोग्य, वक्फ अशी खाती त्यांनी सांभाळली. पुढे १९७८ ते १९८४ या काळात ते राज्यसभेत होते.

कोकणातल्या माणसाने मराठवाड्यात जाऊन काय केले? १९६३ साली मौलाना आझाद यांच्या नावाने शिक्षणसंस्था काढली, रौजा बाग भागात महाविद्यालय उभे केले. औरंगाबादच्या (२०२३ पासूनचे छत्रपती संभाजीनगर) सिडको वसाहतीच्या उभारणीशीही त्यांचे नाव जोडले जाते. मंत्रिपद आज आहे, उद्या नाही. महाविद्यालयाचे दरवाजे मात्र दरवर्षी नव्या मुलांसाठी उघडतात. ही तालीमची खिदमत आम्ही त्यांच्या ग्रंथांइतकीच मोलाची मानतो.

आता लेखणीकडे वळू. नेहरूंवरील ग्रंथ १९५९ चा, म्हणजे मंत्री होण्यापूर्वीचा. मंत्री असताना १९६६ साली रझिया सुलतानवरचे पुस्तक आले. भारतीय राजकारणातील मुसलमानांच्या उदयावरील ग्रंथ १९७० चा. त्यात १८८५ ते १९०६, म्हणजे काँग्रेसच्या स्थापनेपासून मुस्लिम लीगच्या स्थापनेपर्यंतच्या काळाचे विवेचन आहे. फाळणीची बीजे कोठे पडली, हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर सोडला नाही. २००१ साली त्यांनी जिनांवर ग्रंथ लिहिला, त्याच्या शीर्षकातच जिनांना भारताची फाळणी करणारा माणूस म्हटले.

याच १९७० साली दलवाईंनी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. योगायोग असेल, पण विचार करायला लावणारा आहे. दोघेही समाजाला आरसा दाखवीत होते. एक रस्त्यावर उभा राहून, मराठीत. दुसरा मंत्रालयात बसून, इंग्रजीत. दलवाई धर्माधिष्ठित कायद्यावरच घाव घालीत. झकेरिया श्रद्धा सांभाळून, कुराण आणि इतिहासाच्या आधारे बोलत. रश्दींच्या कादंबरीवरून वादळ उठल्यानंतर १९९१ साली त्यांनी पैगंबर आणि कुराणावर ग्रंथ लिहिला. या वाटेने जाणाऱ्याला दोन्हीकडून बोलणी खावी लागतात. कट्टरांना तो सरकारी मुसलमान वाटतो, सुधारकांना तो फारच सबुरीचा वाटतो.

आमचा त्यांच्याशी एक तंटा आहे. खुर्चीवर असताना त्यांनी इतिहास लिहिला. वर्तमानाबद्दलचे त्यांचे रोखठोक ग्रंथ मात्र बहुतेक मंत्रिपद सुटल्यानंतरचे. इस्लाममधील अंतर्गत संघर्षावरचा १९८८ चा, भारतीय मुसलमानांचे चुकले कोठे असे विचारणारा २००४ चा. तोच प्रश्न मंत्रिपदावरून विचारला असता तर त्याचे वजन वेगळे झाले असते. पण हेही खरे की हा प्रश्न चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाने विचारला, आणि त्या वयात कसली खुर्ची मिळवायची उरत नाही.

९ जुलै २००५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. दलवाई तर १९७७ सालीच, वयाच्या अवघ्या ४४ व्या वर्षी गेले होते. दोघांचा हिशेब मांडायचा तर आधी दोघांनाही वाचायला हवे. एकाला न वाचण्याचे कारण भाषा होती असे आम्ही म्हणतो. आज आमच्या वाड्या-मोहल्ल्यांतली मुले-मुली इंग्रजीत शिकतात. आता ती सबब आम्हाला पुरणार नाही.