जॅझ न ऐकणारा जॅझचा डिझायनर

मी कोड लिहिताना दिवसभर हेडफोन लावून बसतो. आमच्या टीममधली डिझायनरही तेच करते. परवा तिनं विचारलं, "गाण्यांमुळे खरंच काही सुचतं का रे, की नुसता ऑफिसचा गोंगाट बंद होतो?" मला उत्तर देता येईना. म्हणून आजचा भाग.

चला, १९४० च्या न्यूयॉर्कला. तेव्हाच्या रेकॉर्डच्या एका बाजूवर तीन-चार मिनिटांचंच संगीत मावायचं. त्यामुळे मोठी रचना अनेक रेकॉर्डवर विभागलेली असायची आणि त्या फोटोंच्या अल्बमसारख्या जाड पुठ्ठ्यात बांधून मिळायच्या. 'अल्बम' हा शब्द तिथूनच आला. पुठ्ठा मात्र अगदी साधा, वर फक्त नाव. कोलंबिया कंपनीतल्या ॲलेक्स स्टाइनवाइस या तेवीस वर्षांच्या पोराला ते खटकलं. त्यानं सुचवलं, वर चित्र छापूया. पहिलं कव्हर होतं रॉजर्स आणि हार्ट यांच्या गाण्यांचं. त्यासाठी त्यानं इम्पीरियल थिएटरच्या दिव्यांच्या पाटीवर अल्बमचं नाव लावून घेतलं आणि फोटो काढवला. स्टाइनवाइस स्वतः संगीतवेडा. चित्र बघताच संगीत ऐकू यावं, ही त्याची धडपड.

म्हणजे ऐका, मग सुचतं. प्रश्न सुटला? थांबा.

त्याच शहरात ब्लू नोट नावाची छोटी जॅझ कंपनी होती. बर्लिनहून आलेल्या आल्फ्रेड लायननं ती १९३९ मध्ये सुरू केली. १९५६ च्या सुमारास तिथं रीड माइल्स नावाचा डिझायनर आला आणि पुढच्या दहा-अकरा वर्षांत त्यानं शेकडो कव्हरं केली. मोजके रंग, भलीमोठी अक्षरं, फ्रान्सिस वुल्फनं रेकॉर्डिंगच्या वेळी काढलेले फोटो बिनधास्त कापलेले. आजही एखाद्या पोस्टरवर ही स्टाइल दिसली की आपण म्हणतो, 'हे जॅझ वाटतंय.'

आणि गंमत बघा, माइल्सला जॅझची फारशी आवडच नव्हती! त्याचा ओढा पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताकडे. कंपनीकडून मिळालेल्या रेकॉर्ड तो देऊन टाकायचा, असं सांगतात.

मग ती कव्हरं इतकी नेमकी कशी? १९६४ मध्ये रेकॉर्ड झालेला एरिक डॉल्फीचा 'आउट टु लंच' घ्या. कव्हरवर दुकानाच्या दारावरची पाटी आहे: 'परत येतो', आणि खाली घड्याळ. पण घड्याळाला काटे भरमसाट, प्रत्येकाचं तोंड वेगळीकडे. आता अल्बम लावा. ड्रमवर अठरा वर्षांचा टोनी विल्यम्स. ताल सरळ चालतच नाही. सम सापडली असं वाटतं तोच निसटते. ते घड्याळ म्हणजे हेच संगीत!

याचं उत्तर लायनमध्ये आहे. रेकॉर्डमध्ये काय आहे, मूड कसा आहे, हे तो माइल्सला समजावून सांगायचा. आणि लायनचं ऐकणं साधंसुधं नव्हतं. रेकॉर्डिंगआधीच्या तालमीचेही पैसे तो कलाकारांना द्यायचा, स्टुडिओत रात्र-रात्र बसायचा. त्यानं जीव लावून ऐकलेलं संगीत दोन-चार वाक्यांत माइल्सपर्यंत पोचायचं आणि माइल्स त्याची अक्षरं करायचा.

मला तर यातून एवढंच दिसतं: स्टाइनवाइसनं स्वतः ऐकलं, माइल्ससाठी लायननं ऐकलं. पण कुणीतरी मन लावून ऐकलं होतं. हे वाचल्यावर मी स्वतःची परीक्षा घेतली. काल आठ तास प्लेलिस्ट चालू होती, त्यातली किती गाणी आठवतात? एकही नाही. म्हणजे डिझायनरचं दुसरं म्हणणं माझ्या बाबतीत खरं निघालं. मी गोंगाट बंद करत होतो, आणि त्यालाच 'क्रिएटिव्ह मूड' म्हणत होतो. गोंगाट बंद करण्यात वाईट काही नाही. फक्त त्याला ऐकणं म्हणू नये.

तर या आठवड्याचा गृहपाठ: 'आउट टु लंच' लावा. कव्हर फोनवर फुल स्क्रीन करा. मूळचं बारा इंची होतं, तेवढी तरी भरपाई. बाकीचे ॲप बंद. मग ते काटे कुणीकडे पळतायत ते सांगा मला. भेटू पुढच्या भागात!