दुसऱ्या खुर्चीची निवडणूक

पक्षाचा नेता कोण, हे सर्वांना ठाऊक असते. उपनेता त्या जागी कसा आला, याची चौकशी सहसा कोणी करत नाही. ब्रिटनच्या मजूर पक्षाच्या बाबतीत मात्र ही चौकशी अवश्य करावी. पक्ष नेमका कोणाचा, खासदारांचा, कामगार संघटनांचा की वर्गणी भरणाऱ्या सभासदांचा, हा तिथला जुना वाद आहे आणि तो उपनेत्याच्या निवडणुकीत सर्वांत स्वच्छ दिसतो. नेता निवडताना भावी पंतप्रधानाचा प्रश्न बाकी सारे झाकून टाकतो.

वाचकांनी आधी एक फरक ध्यानात घ्यावा. उपपंतप्रधानाला पंतप्रधान नेमतात, उपनेत्याला पक्ष निवडतो. म्हणून नेता उपनेत्याला मंत्रिमंडळाबाहेर ठेवू शकतो, पण पदावरून काढू शकत नाही. नेत्याचे पद अचानक रिकामे झाले, तर धुरा उपनेत्याकडे येते. मे १९९४ मध्ये नेते जॉन स्मिथ वारले, तेव्हा नवा नेता येईपर्यंत उपनेत्या मार्गारेट बेकेट यांनीच पक्ष सांभाळला.

अभ्यासाची सुरुवात १९८१ पासून करावी, असे मी सुचवेन. तोवर मत फक्त खासदारांना होते. त्या जानेवारीत वेम्बली येथील विशेष अधिवेशनाने ते तिघांत वाटले: संघटनांना ४० टक्के, मतदारसंघांतील पक्षशाखांना ३० आणि खासदारांना ३०. सप्टेंबरात ब्रायटनला पक्षाच्या उजव्या फळीचे डेनिस हीली विरुद्ध डाव्या फळीचे टोनी बेन हा सामना झाला. शाखांची पाचांतील चार मते बेन यांना, खासदारांचे बहुमत हीलींना. संघटनांची मते एकगठ्ठा पडत. वाहतूक कामगारांच्या बलाढ्य संघटनेने आपला बारा लाखांहून मोठा गठ्ठा पहिल्या फेरीत तिसरे उमेदवार जॉन सिल्किन यांना आणि ते बाद झाल्यावर बेन यांना दिला. सार्वजनिक सेवकांच्या संघटनेने सभासदांचा कौल घेतला आणि तो हीलींच्या बाजूने निघाला. नील किनॉक यांच्यासारखे काही डावे खासदार दुसऱ्या फेरीत तटस्थ राहिले. हीली ५०.४३ टक्क्यांवर जिंकले. एका दुय्यम पदासाठी एवढी झुंज का, हे समजले की तुम्हाला त्या दशकातला मजूर पक्ष समजू लागेल.

मतमोजणीची पद्धत मराठी वाचकाला परकी वाटणार नाही. विधान परिषदेच्या पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांत आपणही पसंतीक्रमानेच मत देतो. तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याची मते पुढच्या पसंतीकडे जातात. २००७ मध्ये सहा उमेदवार होते. पहिल्या फेरीत जॉन क्रडास आघाडीवर होते, शेवटी ते तिसरे आले आणि हॅरिएट हार्मन यांनी अ‍ॅलन जॉन्सन यांना एका टक्क्याहून कमी फरकाने हरवले. दरम्यान १९९३ च्या सुधारणेने तिन्ही गटांना समान वाटा दिला होता आणि गठ्ठ्याच्या जागी संघटनेतील प्रत्येक सभासदाला स्वतःचे मत मिळाले होते.

२०१४ मध्ये हे वाटेही गेले. आता खासदाराच्या मताचे वजन सामान्य सभासदाच्या मताइतकेच. खासदारांची खरी सत्ता उरली ती उमेदवारीच्या दारात. म्हणून निकालाआधी तुम्ही नामांकनाचे नियम वाचा. २०२५ मध्ये अँजेला रेनर यांनी पद सोडल्यावर उमेदवाराला पक्षाच्या एक पंचमांश, म्हणजे ८० खासदारांचा पाठिंबा लागत होता. मैदानात उतरू पाहणारे अनेक. मतपत्रिकेवर नावे दोनच. खासदारांचा अधिक पाठिंबा शिक्षणमंत्री ब्रिजेट फिलिपसन यांना होता. निवडून आल्या लूसी पॉवेल, ज्यांना पंतप्रधानांनी महिन्या-दोन महिन्यांपूर्वीच मंत्रिमंडळातून वगळले होते. उपपंतप्रधानपद तोवर डेव्हिड लॅमी यांच्याकडे गेले होते.