संगमरवरातला ताग

शिकागोच्या १८९३ सालच्या जागतिक प्रदर्शनाचा, चार्ल्स डडली अर्नोल्ड यांनी टिपलेला एखादा मोठा फोटो समोर घ्या. मधोमध लांबलचक तळं, दोन्ही अंगांना खांबांच्या रांगा, सगळ्या इमारतींच्या कंगण्या साठ फुटांच्या एकाच रेषेत, टोकाला रिचर्ड मॉरिस हंट यांचा घुमट, आणि पाण्यात उभी डॅनियल चेस्टर फ्रेंच यांनी घडवलेली ६५ फुटी प्रजासत्ताकाची मूर्ती. पाहणारा सहज बोलून जातो, केवढा हा संगमरवर! पण त्या दर्शनी भिंतींत संगमरवराचा चिरासुद्धा नाही. ते प्लास्टर ऑफ पॅरिस आहे, आणि त्या प्लास्टरला धरून ठेवलंय तागाने. ज्याची गोणपाटं होतात त्या तागाने.

वास्तुकलेच्या पुस्तकांत ही गोष्ट एका वाक्यात उरकलेली असते. प्लास्टर, थोडं सिमेंट आणि ज्यूटचे तंतू यांचं मिश्रण, नाव ‘स्टाफ’, पुढे चला. मला मात्र त्या ‘ज्यूट’पाशीच अडकायला झालं. कारण एकोणिसाव्या शतकात जगाच्या बाजारातला जवळजवळ सगळा ताग एकाच प्रांतातून जात होता: बंगाल. म्हणजे पॅरिसच्या एकोल दे बोझारमधून निघालेल्या आणि ग्रीस-रोमचा वारसा मिरवणाऱ्या शैलीचं अमेरिकेतलं सर्वांत गाजलेलं दर्शन बंगालच्या खाचरांत कुजवलेल्या, सोललेल्या, वाळवलेल्या तंतूवर उभं होतं. या धाग्याचं एक टोक, जमलं तर, गणेशमूर्तींच्या पेणपर्यंत न्यायचं आहे.

बोझार शैलीचा इतिहास सर्वश्रुत आहे. काटेकोर सममिती, अभिजात खांब, शिल्पांची रेलचेल. हंट १८४६ साली त्या शाळेत दाखल झालेला पहिला अमेरिकन. मॅकिम आणि लुई सलिव्हन हे वास्तुकार मागाहून गेले. शिकागोचा सूत्रधार डॅनियल बर्नहॅम तिथे कधी शिकला नाही, पण त्याने बोलावलेल्या मंडळींनी ती शैली तिथे आणली. यापेक्षा जास्त इथे नको. आपला विषय भिंतीच्या पोटातला आहे.

जिप्सम दीडशे अंशांच्या आसपास तापवलं की त्यातलं तीन चतुर्थांश पाणी उडून जातं आणि भुकटी उरते. तिच्यात पुन्हा पाणी घातलं की काही मिनिटांत दगड होतो. घट्ट होताना ते किंचित फुगतं, त्यामुळे साच्यातली बारीकशी रेघही भरून येते. पॅरिसचं नाव त्याला चिकटलं ते मोंमार्त्रच्या खाणींमुळे. मात्र नुसतं प्लास्टर दाब सोसतं, ताण सोसत नाही. पातळ ओतलं की मोडतं. स्टाफची सगळी करामत इथे आहे. काकवीइतकं दाट कालवलेलं प्लास्टर साच्यात एक थर द्यायचं, त्यावर तागाचे विंचरलेले झुपके किंवा जाडंभरडं कापड अंथरायचं, वरून पुन्हा प्लास्टर. तयार होतं ते पातळ, पोकळ कवच: करवतीने कापा, खिळ्यांनी लाकडी सांगाड्यावर ठोका. आत लोखंड आणि लाकूड, बाहेर रोम. पॅरिसच्या १८७८ सालच्या प्रदर्शनात ते वापरून झालं होतं. शिकागोने त्याचं अख्खं शहर केलं.

आता कुळाचा वाद. १८५६ साली अलेक्झांडर डेसाशी नावाच्या फ्रेंच मूर्तिकाराने लंडनमध्ये कापड घातलेल्या प्लास्टरचं पेटंट घेतलं. रूढ कथा म्हणते, हा त्याचा शोध. हे ऐकून दोन पक्ष लगेच उभे राहतात.

पहिला पक्ष इजिप्तचा. ममीचे मुखवटे तागाच्या नव्हे, पण जवसाच्या कापडाचे थर आणि वर प्लास्टर असेच तर केलेले असतात. मग डेसाशीने नवीन काय केलं? दुसरा पक्ष आपल्या घरचा, आणि तो अधिक वजनदार आहे. वेरूळच्या लेण्यांतल्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू सापडले आहेत. पुरातत्त्व खात्याच्या संशोधकांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली ओळखले. अजिंठ्याच्या चित्रांखालच्या मातीच्या थरातही वनस्पतींचे तंतू आणि भाताचा तूस आहे. तंतूने गिलावा धरून ठेवायचा, हे आमच्या कारागिराला दीड हजार वर्षांपूर्वी ठाऊक होतं, असं हा पक्ष म्हणतो, आणि त्यात चूक काहीच नाही.

तरीही माझं मत डेसाशीच्या बाजूने पडतं. वेरूळला तंतू गिलाव्यात कालवलेला आहे आणि तो गिलावा पाठीमागच्या कातळाला चिकटून उभा आहे. कातळ काढला तर तो उभा राहणार नाही. ममीच्या मुखवट्यात कापड हेच अंग, प्लास्टर वरचा लेप. स्टाफमध्ये तंतूचा थर प्लास्टरच्या पोटात बसतो, पाठीला काहीच नसतं, आणि तरी खांबाचा भलामोठा शिरोभाग दोन माणसांना उचलून शिडीवर नेता येतो. या तिसऱ्या प्रकाराला वेगळं कूळ मानलंच पाहिजे.

आणि १८५६च का? इथे माझा तर्क सुरू होतो. १८५३ ते १८५६ क्रिमियाचं युद्ध चाललं होतं. रशियाचा जवस आणि भांगेचा तंतू ब्रिटनला मिळेनासा झाला आणि स्कॉटलंडमधल्या डंडीच्या गिरण्यांनी बंगालचा ताग जवळ केला. १८५५ साली कलकत्त्याजवळ रिश्र्याला तागाची पहिली यंत्रगिरणी निघाली. त्याच सुमारास लंडनमध्ये एक माणूस जाडंभरडं कापड प्लास्टरमध्ये बुडवून त्याचं पेटंट घेतो. मला हा योगायोग वाटत नाही. साच्यात घालून कायमचं गाडून टाकायचं कापड हे कवडीमोलच असावं लागतं. चांगलं कापड प्लास्टरमध्ये कोण पुरेल? मूर्तिकाराची कल्पना जुनी असेलही, पण ती परवडण्याजोगी झाली ती तागाने. याच्या विरोधात सांगण्यासारखं एकच, पण ते भक्कम आहे: फ्रेंच कारखान्यांत भांगेचा तंतूही सर्रास वापरला जाई, आणि शिकागोच्या काही वर्णनांत तागाऐवजी तोच येतो. माझं उत्तर असं की एवढ्या अवाढव्य कामात दोन्ही तंतू शिरले असणार, आणि तागाचा भाव पाहता मोठा वाटा त्याचाच असणार.

‘स्टाफ’ या नावाचाही असाच तंटा आहे, आणि तो मला अतिशय प्रिय आहे. सरळ इंग्रजी घेतलं तर स्टाफ म्हणजे काठी. लाकडी पट्ट्यांवर ठोकतात म्हणून काठी, असं कुणी सुचवलं तर पटकन पटतं. पण शब्द फ्रान्समध्ये रुळलेला, तिथल्या कारागिराने इंग्रजी काठी कशाला उचलावी? फ्रेंच कोशकार जर्मन ‘श्टाफीरेन’कडे बोट दाखवतात, म्हणजे सजवणं, मढवणं. हे बरंच जवळचं. गंमत पुढे आहे. तो जर्मन शब्द डचमार्गे जुन्या फ्रेंच ‘एस्तोफे’वरून आला, आणि त्याच घराण्यातून आजच्या फ्रेंचमधला ‘एतॉफ’ निघाला. एतॉफ म्हणजे कापड! शब्द जर्मनीला जाऊन सजावट होऊन परतला, पण त्याच्या पोटात कापडच राहिलं. ज्या वस्तूचा जीव कापडात आहे तिला हेच नाव मिळावं, यापेक्षा चांगला पुरावा व्युत्पत्ती सहसा देत नाही.

आता फोटोंकडे. बोझार आणि कॅमेरा यांची सोयरीक जुनी. पॅरिसमध्ये नवं लूव्र उभं राहत असताना १८५५पासून एदुआर बाल्द्यूने तिथली शिल्पं नि नक्षीकाम एकेक करून टिपलं. गार्निएच्या ऑपेराच्या बांधकामाचं तेच काम देल्मे आणि द्युरांदेल यांनी केलं. शिकागोत अर्नोल्ड अधिकृत छायाचित्रकार होता. हौशी माणसाला छोटा कॅमेरा आत न्यायचा तर दिवसाला दोन डॉलर मोजावे लागत आणि तिवई नेता येत नसे. तेव्हा जगाने पाहिलेलं शिकागो मुख्यतः अर्नोल्डच्या मोठ्या काचांवरचं आहे.

त्या काचांनी एक पक्षपात केला. तेव्हाच्या प्लेटांना निळा झटकन दिसे, लाल जवळजवळ दिसत नसे. प्रदर्शनाचं रंगकाम सांभाळणाऱ्या फ्रान्सिस मिलेच्या हाताखालच्या माणसांनी दाबाच्या हवेने फवारून पांढऱ्या केलेल्या इमारती या प्लेटांवर झळाळून उठल्या. लुई सलिव्हनने मात्र पांढऱ्याला नकार देऊन आपली वाहतूक इमारत लाल, सोनेरी, नारिंगी रंगांत रंगवली होती. तिचा सुवर्णद्वार म्हणून नावाजलेला दरवाजा फोटोत मळकट करडा दिसतो. पुढे सलिव्हनने लिहिलं की या प्रदर्शनाने केलेलं नुकसान अर्धं शतक टिकेल. त्याच्या पराभवात फोटोच्या काचेचा हात होता असं माझं ठाम मत आहे. पावणेतीन कोटींच्या घरात तिकिटं फाटली हे खरं, पण पुढच्या पिढ्यांनी फक्त फोटो पाहिले, आणि त्या फोटोंत पांढरा जिंकलेलाच होता.

स्टाफची इमारत टिकायची नव्हतीच. १८९४च्या जानेवारीत आणि मग जुलैत आगी लागल्या आणि तळ्याभोवतीचा देखावा बराचसा जळून गेला. कलादालन तेवढं वाचलं, कारण कर्जाऊ चित्रं पाठवणाऱ्यांना आगीपासून हमी हवी म्हणून ते आतून विटांचं बांधलं होतं. त्याचं कवच पुढे चुनखडीच्या दगडात बदललं आणि आज तिथे विज्ञानाचं संग्रहालय आहे. सॅन फ्रान्सिस्कोत १९१५ साली बर्नार्ड मेबेकने उभारलेलं कलादालन प्लास्टरमध्येच झिजत राहिलं आणि १९६४ साली पाडून काँक्रीटमध्ये पुन्हा बांधावं लागलं. त्या प्रदर्शनासाठी ट्रॅव्हर्टाइन दगडाची नक्कल करणारा पॉल डेनिव्हिल त्याआधी न्यूयॉर्कच्या पेनसिल्व्हेनिया स्टेशनवर तेच करून आला होता. त्या स्टेशनच्या प्रतीक्षालयाचे जुने फोटो पाहून लोक हळहळतात. त्यांत खाली हाताला लागतो तो दगड इटलीचा, पण वरच्या भिंती आणि कमानींचं छत ही दगडाच्या रंगाची प्लास्टरची नक्कल आहे.

मुंबईतही प्लास्टर आणि फोटो यांची जोडी एकदा अशीच गाजली. गणपतराव म्हात्रे यांनी जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकत असताना घडवलेली ‘मंदिरपथगामिनी’ मुळात प्लास्टरची. तिचा फोटो पाहून विलायतेत जॉर्ज बर्डवुड यांनी कौतुक केलं, आणि १८९८ साली रवींद्रनाथांनी बंगालीत तिच्यावर लेख लिहिला.

आता धाग्याचं ते पेणचं टोक. तिथल्या कारखान्यात साच्यातून काढलेली, अजून न रंगवलेली मोठी पीओपीची गणेशमूर्ती आडवी असेल तर तळाच्या भोकातून आत पाहावं. बाहेरून सोंडेचं वळण गुळगुळीत. आतून काथ्याचे तपकिरी झुपके प्लास्टरमध्ये बुडवून हाताने दाबलेले, बोटांचे ठसे जसेच्या तसे, सांध्यांवर तंतू दुप्पट. आधी नुसत्या प्लास्टरचा पातळ हात, मग तंतू, मग पुन्हा प्लास्टर. कृती थेट स्टाफची आहे. बदललाय फक्त तंतू: बंगालला ताग, कोकणाला नारळ. पाण्याशी असलेलं वैरही तेच. जिप्सम लिटरभर पाण्यात जेमतेम दोन ग्रॅम विरघळतं. तेवढं मेबेकच्या भिंती पावसात झिजवायला पुरलं, आणि तेवढ्यावर भागत नाही म्हणून विसर्जनानंतर मूर्ती तळ्यात तशाच पडून राहतात.

ही कृती पेणला आली कुठून? कुणी म्हणेल, शाडूच्या कारागिराला आपसूक सुचली असेल. मला ते पटत नाही. शाडूची मूर्ती भरीव असते किंवा जाड असते, तिला पोटात तंतूचा थर लागत नाही. पातळ पोकळ कवचाचा विचार साच्याच्या शाळेतून यावा लागतो. माझा अंदाज, जे. जे.च्या मॉडेलिंगच्या वर्गातून बाहेर पडलेले हात आणि मुंबईच्या सिनेमाचे सेट उभारणारे कारागीर हे मधले दुवे. सेटवरचे खांब आजही साच्यातल्या प्लास्टरचे असतात, आणि चित्रीकरण आटोपलं की कंत्राटदाराची माणसं ते फोडतात तेव्हा आतून काथ्या किंवा गोणपाटाच्या चिंध्या लोंबताना दिसतात.